श्वेतपत्रिकांवर बसलेला माणूस

मूल गावात मुश्ताकचाचांच्या घरी कोणी गेलं, की चाचा आधी त्याला बसायला सांगत आणि मग तो कशावर बसला आहे ते सांगत.

"या जी, बसा. नाई नाई, तिथी नोका बसू, ते भूजल आहे, भिंतीची ओल लागते त्याले. इकडे बांबूवर बसा. मजबूत आहे."

पाहुणा बांबू शोधत इकडेतिकडे पाही. बांबू कुठंच नसे. असत ते सुतळीनं बांधलेले कागदांचे गठ्ठे, एकावर एक रचलेले आणि वर सतरंजीचा तुकडा टाकलेला. सगळ्यात वरच्या गठ्ठ्यावर छापलेलं असे, 'बांबूआधारित उपजीविका : एक श्वेतपत्रिका'. समोर कपबशी ठेवायला गोड्या पाण्यातली मासेमारी. पाण्याचा माठ मोहफुलांवर. कपड्यांची ट्रंक मानव आणि वन्यजीव यांच्या संघर्षावर, आणि ती जरा डुगडुगायची, कारण त्या विषयावर अजून एकमत झालेलं नव्हतं. चाचा स्वतः झोपत तो पलंगही गठ्ठ्यांचाच. डोक्याकडे वनहक्क, पायांकडे ग्रामीण पर्यटन. मधे एक फट राहत होती, तिथं त्यांनी कौशल्यविकास घातला होता.

हे सगळं त्यांनी हौसेनं जमवलेलं नव्हतं. मुश्ताकचाचा पेशानं बाइंडर. बापाचं दुकान त्यांच्याकडे आलं, आणि दुकान म्हणजे घराचीच बाहेरची खोली. एक हातानं फिरवायचं कटिंग मशीन, सुया, दोरा, आणि कागद चिकटवायची मैद्याची लई शिजवायचं एक पातेलं, ज्यात त्यांच्या बायकोनं, खातूनबींनी, आयुष्यभरात कधी चमचाही घातला नाही. कुराणाची जिल्द सुटली तरी लोक चाचांकडे येत आणि पोथीची सुटली तरी चाचांकडेच. शाळेच्या हजेऱ्या, राइस मिलच्या वह्या, दवाखान्याची रजिस्टरं, सगळं त्यांच्या सुईखालून जाई. मग शाळेत कॉम्प्युटर आला, मिलमध्ये आला, दवाखान्यात तर दोन आले. वह्या आटल्या. चाचा दुपारभर रस्त्याकडे बघत बसू लागले.

आणि नेमक्या त्याच सुमाराला श्वेतपत्रिकांचं पीक आलं.

गडचिरोलीला एक अभ्यास केंद्र निघालं. त्याची पाटी इतकी लांब होती की वाचून संपेपर्यंत आतली माणसं जेवायला गेलेली असत. लोक नुसतं 'केंद्र' म्हणत. जंगलाबद्दल आणि जंगलातल्या माणसांबद्दल अभ्यास करायचा, आणि तो छापून सरकारचं मन वळवायचं, हे केंद्राचं काम. आता सरकारचं मन नेमकं कुठं असतं हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे प्रती भरपूर छापाव्या लागत. छपाई मूलच्या धनराजभाऊंच्या प्रेसमध्ये व्हायची आणि बांधणी चाचांकडे. सहाशे प्रती बांधून झाल्या की प्रकाशनाचा कार्यक्रम होई. कार्यक्रमाला चाळीस माणसं येत. चाळीस प्रती गाडीतून जात. उरलेल्यांसाठी केंद्राचा माणूस म्हणे, "चाचा, गाडी पाठवतो."

ती गाडी कधी आली नाही. पुढची श्वेतपत्रिका मात्र आली.

रद्दीवाला पोचू महिन्यातून एकदा ठेला घेऊन दारात उभा राही आणि आत बघून उसासा टाकी. उपाशी माणूस जसा लग्नाच्या मांडवाकडे बघतो तसा.

"चाचा, द्या न जी आता."

"अमानत आहे, पोचू. दुसऱ्याची वस्तू आहे."

"अमानतीले उधई लागून राह्यली न जी!"

"उधईनं कागद खातानी विचारलं नाई. तू तरी विचारून राह्यला. मंग तुले नाई म्हणाव लागते."

चाचांच्या अब्बांनी दुकानाबरोबर एवढी एकच गोष्ट दिली होती. गिऱ्हाईकानं ठेवलेला कागद गिऱ्हाईकाचा. तो येईपर्यंत आपण राखणदार. एका मास्तरानं बांधायला टाकलेलं रामायण अब्बांनी मास्तर वारल्यावरही कपड्यात गुंडाळून ठेवलं होतं, आणि पुढे मास्तरांचा नातू येऊन ते घेऊन गेला. अशा घरातला माणूस सहाशेतून चाळीस गेल्यावर उरलेल्यांना रद्दी म्हणेल कसा?

बरं, नुसते राखले असते तरी चाललं असतं. चाचा त्या वाचत.

खातूनबी जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी नाहीद नागपूरला दिली होती. दिवस कसाही जाई, पण दिवेलागणीला मिलचा भोंगा वाजला, माणसं सायकली हाणत घरोघर गेली, आणि भाताच्या कोंड्याची धूळ रस्त्यावर खाली बसली, की चाचांच्या घरात एक अशी शांतता उतरायची जिला लईच्या पातेल्याशिवाय कोणी वाली नव्हता. अशा वेळी त्यांनी पहिल्यांदा भूजल उघडलं. पहिलंच वाक्य होतं, 'आपण सर्वांनी मिळून आज विचार केला नाही, तर उद्या आपल्याजवळ विचार करायलाही वेळ उरणार नाही.'

आपण सर्वांनी! त्या घरात कित्येक महिन्यांत कोणी 'आपण' म्हटलं नव्हतं. चाचांनी चष्मा पुसला आणि पुढे वाचायला घेतलं.

मन वळवायची श्वेतपत्रिकांची एक रीत असते, आणि चाचांना ती पाठ झाली. आधी घाबरवायचं. मग आकडे टाकायचे, म्हणजे घाबरलेला माणूस गोंधळतो. मग 'आपण' म्हणून त्याचा हात धरायचा. मग एका चौकटीत एखाद्या बाईची गोष्ट सांगायची, आणि तिच्या पाठोपाठ शिफारशी. ज्यांच्यासाठी हे लिहिलेलं होतं त्यांचं मन वळलं की नाही ते ठाऊक नाही, पण मूलच्या एका बाइंडरचं मन दर वेळी पूर्ण वळायचं. मूलपासून गडचिरोलीपर्यंत श्वेतपत्रिकांचा शंभर टक्के यशस्वी झालेला वाचक तो एकच.

बांबूची वाचली तेव्हा ते दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या मुखरूच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन उभे राहिले. मुखरू धानकरी, चाचांच्याच वयाचा, लहानपणापासून त्यांच्याशी भांडत आलेला.

"मुखरू, धुऱ्यावर बांबू लाव. उपजीविकेचं विविधीकरण होते."

"काय होते?"

"विविधीकरण."

"दुखते का त्यानं?"

पण मुखरूनं लावला बांबू. पुढच्या वर्षी धानाची श्वेतपत्रिका आली. तिच्यात धुऱ्यावरच्या सावलीनं धान कसं मार खातं ते तीन पानं सांगितलं होतं. चाचा घाबरे होऊन पळत गेले. मुखरू म्हणाला, "चाचा, तुमच्या दोन पत्रिकायले आधी आपसात बसवून ठरवू द्या. तंवर बांबू राह्यते." मोहफुलांची वाचली तेव्हा चाचांनी पौष्टिक म्हणून मोहाचे लाडू केले, आणि चांगले झाले होते, पण शुक्रवारी नमाजाला गेल्यावर दोन्ही बाजूंचे लोक जरा जरा सरकून बसले. घरी येताना चाचा तो वास मोहाच्या दारूचा नसून शिफारस क्रमांक चारचा आहे हे कसं समजावून सांगावं याचा विचार करत होते.

गल्ली हसायची. "चाचा, आज पत्रिका काय म्हणते?" चाचा रागावत नसत. हसायला का होईना, कोणी हाक मारत होतं.

त्या चौकटींतली बाई त्यांची विशेष आवडती होती. हिरवं लुगडं, डोक्यावर टोपली, आणि दात न दाखवता हसणं. खाली लिहिलेलं, सोनीबाई. बांबूच्या पत्रिकेत सोनीबाई पूर्वी फार गरीब होती, मग तिनं बांबूच्या टोपल्या केल्या आणि मुलं शिकली. मासेमारीच्या पत्रिकेतही तीच सोनीबाई, तेच लुगडं, पूर्वी फार गरीब. मग तिनं मासे पाळले आणि मुलं शिकली. मोहफुलांतही तीच. एकाच फोटोची छपाई आहे असं दुसऱ्या कोणाच्या मनात आलं असतं. चाचांच्या मनात आलं, बाई केवढी कष्टाची आहे. एवढं सगळं करून एकदाही दमलेली दिसत नाही. कधी कधी चहा पिताना ते मासेमारीवरचा कप बाजूला सरकवून तिच्याकडे बघत आणि म्हणत, "चालू आहे न बाई?"

असं सगळं सुरळीत चाललं असतं. पण नाहीद ईदला आली.

नवरा, म्हणजे बिलाल, कामामुळे नागपूरलाच राहिला होता. ती आठ वर्षांच्या सिद्राला घेऊन एकटीच आली. सिद्रा संध्याकाळपर्यंत शिंकून शिंकून लाल झाली. रात्री तिघांनी झोपायचं कुठं हा प्रश्न निघाला. आतली खोली, जिथं नाहीद लहानाची मोठी झाली, ती छतापर्यंत भरलेली होती. शेवटी मायलेकी वनहक्कावर झोपल्या आणि चाचा दारात. पहाटे संघर्ष कोसळला. ट्रंकेसकट. कोणाला लागलं नाही, पण दुपारच्या बसनं नाहीद निघाली.

"अब्बा," ती बसच्या खिडकीतून म्हणाली, "एक तर ते कागद काढा, नाहीतर नागपूरला चला. आम्ही येऊन बसायचं कुठं?" घरात बापलेकीचं बोलणं हिंदीत चाले, मूलच्या हवेत वाढलेली हिंदी, निम्मी इकडची झाडी बोली; इथं ते मराठीत सांगितलंय.

"बांबूवर," असं चाचा म्हणणार होते. बस सुटली म्हणून वाचले.

त्यानंतर नाहीदचा दर रविवारी फोन आणि दर रविवारी तोच विषय. नागपूरला चला. चाचांचंही उत्तर ठरलेलं. अमानत सोडून कसा येऊ? नाहीद बिचारी त्या शब्दापुढे गप्प व्हायची, कारण त्याच शब्दावर तीही वाढली होती.

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या तसं चाचांनी ठरवलं, आता आपणच पोरीचं मन वळवायचं. एवढं वाचलंय, ते केव्हा कामी येणार? रविवारी फोन आला तेव्हा ते बांबूवर ताठ बसले.

"बेटा, पार्श्वभूमी अशी आहे—"

"कसली पार्श्वभूमी?"

"मधे बोलू नको, सद्यस्थिती यायची आहे. सद्यस्थिती अशी, की मूलमध्ये हवा स्वच्छ आहे, तांदूळ नवा आहे, आणि सिद्राला सुट्टी आहे. आपण सर्वांनी मिळून आज विचार केला नाही—"

"अब्बा, डाळ जळेल माझी. शिफारस काय ते सांगा."

"थांब. आधी चौकट आहे." चाचांनी घसा साफ केला. "मुश्ताक, वय चौसष्ट, राहणार मूल. पूर्वी संध्याकाळी एकटा बसायचा. मग त्याची मुलगी दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस राहायला आली. आता..."

पुढचं त्यांना सुचेना. चौकटीत 'आता' नंतर मुलं शिकतात, घर पक्कं होतं. इथं काय होतं ते त्यांना माहीत नव्हतं. तिकडे नाहीदनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"एक खोली रिकामी करा, अब्बा," ती हळूच म्हणाली. "आतली. माझी. तेवढी केली तर येते. आठ दिवस."

दुसऱ्या दिवशी चाचा सावली गावावरून जाणाऱ्या बसनं गडचिरोलीला गेले. ज्याची अमानत त्यालाच परत केली की झालं, असा साधा हिशोब.

केंद्रात रंजीता मॅडम होत्या. तरुण, चष्मेवाल्या, टेबलावर कागदांची एवढी चवड की आधी केस दिसले आणि मग मॅडम दिसल्या. श्वेतपत्रिका त्याच लिहीत. चाचांना ते कळलं तेव्हा ते उभे राहिले, आणि बसा म्हटलं तरी जरा वेळ उभेच राहिले.

"म्हणजे 'आपण सर्वांनी मिळून' तुमीच लिवलं?"

मॅडम लाजल्या. ते वाक्य आजवर कोणी त्यांना परत ऐकवलं नव्हतं. चहा आला. पण गठ्ठ्यांचा विषय निघाला तशा त्यांनी फाइल उघडली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"चाचा, या तर सगळ्या वाटल्या गेल्यात. हे बघा, 'वाटप पूर्ण'."

"पण त्या माह्या घरी आहेत न बाई."

"नसणार."

"मी त्याच्यावर झोपतो जी!"

"मग तुम्ही दुसऱ्या कशावर तरी झोपत असाल."

हे बोलून मॅडमना स्वतःलाच कसंतरी झालं. त्यांनी आवाज खाली आणला. "चाचा, परत आल्या, तर लिहावं लागेल की वाटप झालंच नव्हतं. मग पुढची मंजूर होणार नाही. मग मीही घरी आणि तुम्हीही."

चाचांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. त्यांना मॅडमचं लिहिलेलं सगळं पटायचं, मग बोललेलं का नाही पटणार? उठता उठता त्यांनी विचारलं, "ते सोनीबाई कुठी राह्यतात? इतक्या लांब आलो, तर भेटून जातो म्हटलं."

"कोण सोनीबाई?" मग मॅडमच्या लक्षात आलं. "अहो चाचा, तो फोटो कॉम्प्युटरवर मिळतो. कुठल्या राज्यातल्या आहेत कोणास ठाऊक."

"आन् नाव?"

"नाव मी ठेवलं." मॅडम कपाकडे बघत म्हणाल्या. "माझ्या आजीचं. ती जंगलात टेंभराची फळं वेचायची. तिच्याबद्दल कोणी कधी काही छापलं नाही ना."

परतीच्या बसमध्ये चाचा खिडकीशी बसले होते. वैनगंगेचा पूल आला, पाणी उतरून वाळू उघडी पडली होती. सोनीबाई तिथं नाही आणि कुठंच नाही, आणि तरीही कोणाची तरी आजी आहे, हे मनात कुठं ठेवावं ते त्यांना समजत नव्हतं. सावलीच्या थांब्यावर बस रिकामी झाली. तेवढ्यात त्यांना एकदम उजेड पडला.

मालक म्हणतो, वाटल्या. मालकाचा शब्द खोटा पडू देणं हीसुद्धा अमानतीत खयानत, म्हणजे दगाच. मग वाटायलाच पाहिजेत!

असा निष्कर्ष जगात दुसऱ्या कोणी काढला नसता. केंद्राला तो सुचला असता तर केंद्र बंद पडलं असतं.

मुखरूनं ट्रॅक्टरची ट्रॉली दिली, आणि ती चालवायला स्वतः आला, कारण ही गंमत त्याला चुकवायची नव्हती. सावलीच्या आठवडी बाजारात, वांग्यांच्या आणि वाळल्या मासोळीच्या मधे, चाचांनी श्वेतपत्रिका मांडल्या. फुकट म्हटल्यावर गर्दी झाली. एक म्हातारा पानं उलटून म्हणाला, "घरकुलाच्या यादीत माहं नाव आहे का याच्यात, पाहा जी."

"नाव नाई बाबा. पण 'आपण' लिवलं आहे. त्याच्यात तुमी आले."

"आपण कोन?"

"आपण सगळे."

"सगळ्यायले घरकुल भेटून राह्यलं का मंग?" म्हातारा दोन प्रती घेऊन गेला.

भज्यांचं दुकान लावणाऱ्या सत्यशीलानं एक पान फाडून त्यावर भजी ठेवून पाहिली आणि गठ्ठा परत केला. "चाचा, हा कागद तेल पेत नाई. भजा घसरते. इतका चोपडा कागद कायले करतात जी?" ज्या कागदानं सरकारचं मन वळवायचं होतं त्यावर भजंसुद्धा टिकेना. पण बायांनी डब्यांखाली घालायला नेल्या, पोरांनी वह्यांना कव्हरं घातली, एका वरपित्यानं मांडवाच्या पडद्यामागे लावायला चांगला गठ्ठाभर मागून घेतला. चाचा प्रत्येकाला दोन्ही हातांनी देत आणि म्हणत, "वाचा बरं."

उरल्या त्या मुखरूनं नेल्या. धान पिकायला आलं होतं आणि रानडुकरं रोज बांधीतलं पीक तुडवत होती. त्यानं चकचकीत पानं दोरीला ओवून शेताभोवती बांधली. वाऱ्यानं ती फडफडत, उन्हात चमकत, आणि हिरव्या लुगड्यातली सोनीबाई चारी दिशांना टोपली घेऊन राखण करी.

"पाहा चाचा," मुखरू म्हणाला, "तुमचं धोरण अखेर वावरात पोचलं."

"डुकरं आले का मंग?"

"दोन दिवस नाई आले. तिसऱ्या दिवशी आले. वाचून घेतलं असन."

घर रिकामं झालं. आतलीच नाही, बाहेरचीही खोली. मालकाचा शब्द अर्धवट खरा करून चालत नाही ना. चाचांनी भिंती झाडल्या, फरशी धुतली आणि खातूनबींच्या माहेरची बाज माळ्यावरून काढून सुंभ घट्ट केलं. मग ते मधोमध उभे राहून खोकले. खोकला भिंतीवर जाऊन परत आला. त्यांना वाटलं, आत कोणी आहे. आतल्या खोलीच्या भिंतीवर, जिथं शिवणयंत्र असायचं, तिथं तेलाचा एक डाग निघाला. खातूनबी बसून डोकं टेकायच्या तिथला. इतकी वर्षं भूजलाच्याच उरलेल्या गठ्ठ्यांनी तो झाकून ठेवला होता.

नाहीद आली. सिद्रा एकदाही शिंकली नाही. ती रिकाम्या खोल्यांतून धावे, आरडे, आणि घरानं उलट ओरडलं की हसून लोळे. मुखरूनं नव्या धानाचे पोहे पाठवले. पहिले दोन दिवस चाचांना चौकटीतलं 'आता' नंतरचं वाक्य सापडल्यासारखं झालं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी नाहीद दारात उभी राहून घराकडे बघत राहिली. एक बाज, एक ट्रंक, एक माठ, कटिंग मशीन आणि अब्बा.

"अब्बा," ती म्हणाली, "आता तर काहीच राहिलं नाही."

"हो! सगळं काढलं," चाचा अभिमानानं म्हणाले.

"तेच म्हणते. अमानत गेली. आता चला माझ्याबरोबर. रविवारी तिघं निघू."

चाचांनी पोह्यांचा वाडगा खाली ठेवला. पोरगी यावी म्हणून त्यांनी घर रिकामं केलं होतं. आणि न जाण्याचं जे एक कारण होतं तेही गठ्ठ्यांबरोबर सावलीच्या बाजारात वाटून आले होते.

खरं कारण सांगता येण्यासारखं नव्हतं. नागपूरला ते एकदा राहून आले होते. चौथा मजला. पोरगी प्रेमानं करी, जावई भला. सकाळी सगळे गेले की चाचा गॅलरीत बसत. खालून माणसं जात, पण वर बघून "चाचा, पत्रिका काय म्हणते?" असं कोणी विचारत नसे. चेष्टा करायलाही आधी ओळख लागते. मूलमध्ये ते एकटे होते, पण एकटे मुश्ताकचाचा होते. तिथं नुसते एकटे. आणि भिंतीवरचा तो डाग? तो कोणत्या शिफारशीत बसवायचा?

त्यांनी शब्द जुळवून पाहिले. पार्श्वभूमी, सद्यस्थिती, आव्हानं. जिथून सुरुवात करावी तिथून नाहीदचंच म्हणणं बरोबर निघे. चाचांचा हा जुनाच दोष. समोरच्याची बाजू नीट मांडली की त्यांना ती पटायची. म्हणून ते उठले, बाहेर ओट्यावर गेले आणि धनराजभाऊंना फोन लावला.

"धनराजभाऊ, काही आहे का जी बांधायले?"

"अरे चाचा! तुमीच तं म्हटलं होतं, जागा नाई, दिवाळीपर्यंत काही पाठवू नोका."

"जागा झाली."

"मंग आहे न! केंद्राचीच. 'कागदविरहित कार्यालयाकडे'. कागद कसा वाचवावा, त्याची. भल्ली जाड आहे. जोडपत्रंच निम्मी आहेत. किती पाठवू?"

"सगळ्या."

वळून पाहतात तर नाहीद दारात. तिनं सगळं ऐकलं होतं. चाचांनी फोन खिशात घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला. लई करपल्यावर खातूनबींसमोर ते असेच उभे राहत.

"किती प्रती, अब्बा?"

"सहाशे."

"कार्यक्रमाला माणसं किती येतील?"

"चाळीस."

नाहीद हसली. मग हसता हसता तिनं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. मग म्हणाली, "बाहेरच्या खोलीत ठेवा. आतल्या खोलीत एक कागद दिसला तर मी येणार नाही."

"मग येशील?"

नाहीद वळली. आत जाऊन सिद्राचे वाळलेले कपडे घडी करू लागली. रविवारी मायलेकी दोघीच बसमध्ये बसल्या. बस वळणावर दिसेनाशी झाली तरी चाचा थांब्यावरच उभे होते. सायकलवरून जाणाऱ्या कोणी तरी विचारलं, "चाचा, पत्रिका काय म्हणते?" तेव्हा कुठं ते घरी निघाले.

प्रेसचा टेम्पो आठवड्यानं आला. बांधणी झाली, कार्यक्रम झाला, चाळीस प्रती गेल्या, गाडी पाठवतो असा निरोप आला. चाचांनी उरलेल्या बाहेरच्या खोलीत रचल्या. एक बैठक झाली, एक कपबशीचं टेबल झालं, आणि तरी एवढ्या उरल्या की दाराची एक फळी उघडेना. त्यातच पुढच्या कामाचे कागद घेऊन टेम्पोवाला पुन्हा आला. चाचांना अंग चोरून आत जाताना पाहून तो म्हणाला, "चाचा, आतली पुरी खोली खाली आहे न जी. तिथी लावून देऊ?"

"तिथी नाई."

"काऊन? खालीच तं आहे."

चाचांनी आत पाहिलं. बाजेवर धुतलेली चादर होती, सिद्रानं विसरलेली एक क्लिप खिडकीत होती, आणि भिंतीवर तो डाग होता. त्या खोलीत ते स्वतःही झोपत नसत.

"अमानत आहे," ते म्हणाले. "इथीच ठेव बाहेर. तू बस. बांबू नाई राह्यला आता, पण हे कागदविरहित आहे, याच्यावर बस. मजबूत आहे."